एमडीनं मेंदू जळतो का, आणि औषधानं तो भरून येतो का?

महापरिनिर्वाण दिनाच्या आधीचा रविवार होता. विहारात वंदना झाली, बाया चपला शोधत बाहेर पडल्या आणि एक आई मागं थांबली. चैत्यभूमीला येणाऱ्यांच्या पाण्या-जेवणाची यादी आम्ही करत होतो. ती बराच वेळ सतरंजीची घडी घालत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "सिस्टर, पोरगं सात आठवडे झाले, पावडरला शिवलं नाही. पण नुसतं पडून असतं. शेजारचे म्हणतात, एमडीनं मेंदूच्या पेशी जळून जातात, आता हा असाच राहणार. खरं आहे का?" दारापर्यंत गेली आणि परत वळली. "आणि त्या डॉक्टरच्या गोळ्या म्हणजे दुसरी नशाच ना? त्याचा बाप म्हणतो, एक सुटली नाही तोवर दुसरी लावली."

आम्ही म्हणजे वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या चौघी. लिहिणारी त्यातली नर्स, जीएनएम करून चौदा वर्षं वॉर्डात काढलेली. नोकरी सोडून बराच काळ झाला तरी हाक अजून ‘सिस्टर’ अशीच येते. त्या दिवशी त्या आईला जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. घरी येऊन वाचलं, ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, आणि तिला पुन्हा बसवून सांगितलं. तेच इथं सगळ्यांसाठी लिहीत आहोत, कारण हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही.

आधी एमडी म्हणजे काय ते. पूर्ण नाव मेफेड्रोन. पोरं ‘म्याऊ म्याऊ’ म्हणतात. हा पदार्थ पहिल्यांदा १९२९ साली प्रयोगशाळेत तयार झाला आणि नंतर सत्तर वर्षं कुणाच्या लक्षातही नव्हता. या शतकाच्या सुरुवातीला तो युरोपात पसरला. ब्रिटननं २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये तो एनडीपीएस कायद्याखाली आला. म्हणजे त्याआधी तो विकणाऱ्याला या कायद्याचा धाकच नव्हता. आज तो परदेशातून यावा लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला, तेव्हा पुणे आणि दिल्ली मिळून सतराशे किलोपेक्षा जास्त माल निघाला. एवढा माल कुणाच्या तरी नाकात जाण्यासाठीच तयार होतो. बातमीत मात्र पुडीसह पकडलेल्या पोराचा फोटो मोठा असतो.

या आईचा मुलगा तेवीस वर्षांचा. दुचाकीवर पार्सल पोचवतो. रात्रीच्या पाळीत झोप येऊ नये म्हणून मित्रानं दिलेली पहिली ओळ त्यानं ओढली. मौजेसाठी नव्हे, कामासाठी. असे बरेच आहेत. गर्द किंवा दारू माणसाला सुस्त करते, एमडी त्याच्या उलट आहे. ते जागवतं, बोलकं करतं, भूक मारतं, छाती धडधडवतं. अशा पदार्थांना उत्तेजक म्हणतात. कोकेन, मेथ म्हणजे ‘आइस’ किंवा ‘क्रिस्टल’, आणि एमडी ही सगळी त्याच कुळातली.

आता पेशीकडे येऊ. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांतल्या काही लाख पेशी, मेंदूच्या मधल्या भागात दाटीनं बसलेल्या, डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. अब्जांच्या मानानं काही लाख म्हणजे मोठ्या शहरातली एखादी गल्ली. पण या गल्लीतून निघालेल्या तारा मेंदूभर पसरतात. डोपामिन हा मेंदूतला निरोप्या आहे, हे अर्व्हिद कार्ल्सन या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात दाखवलं. त्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल मिळालं. हा निरोप्या काय सांगतो? "हे चांगलं होतं, लक्षात ठेव, पुन्हा कर." भुकेल्या पोटी भाकरी मिळाली, लेकरू हसलं, परीक्षेत पास झालो, मिरवणुकीत ढोल वाजला, की तो निरोप निघतो. सकाळी अंथरुणातून उठायचं बळसुद्धा यातूनच येतं.

दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. हे समजायला आपल्या गल्लीतला नळ डोळ्यांपुढं आणा. एका बाजूला पाण्याची टाकी, म्हणजे डोपामिनच्या पेशीचं टोक. टाकीत पाणी पिंपांमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. समोर बाया हंडे घेऊन उभ्या, म्हणजे पुढच्या पेशीवरचे ग्राहक. निरोप आला की टाकीतून थोडं पाणी सुटतं, हंड्यांत पडतं, आणि उरलेलं पाणी एक मोटर लगेच टाकीत परत ओढून घेते. म्हणून रस्त्यावर चिखल होत नाही आणि उद्यासाठी पाणी राहतं. निसर्गाची ही मोटर फार मोलाची आहे.

कोकेन ही मोटर बंद पाडतं. एमडी आणि मेथ त्याहून पुढं जातात. ते मोटरच्याच वाटेनं टाकीत शिरतात आणि मोटर उलटी फिरवतात. आतलं पाणी भसाभस बाहेर येतं. एमडी तर डोपामिनबरोबर सेरोटोनिन नावाच्या दुसऱ्या रसायनाचीही मोटर अशीच उलटवतं. त्या पुरात पोराला वाटतं, आपण काहीही करू शकतो. तास-दोन तासांत पूर ओसरतो आणि लगेच दुसरी ओळ हवी होते. एमडीचा परिणाम चटकन चढतो आणि चटकन उतरतो, म्हणून एका रात्रीत पुडीवर पुडी जाते.

रोज पूर येऊ लागला तर गल्लीतल्या बाया काय करतात? हंडे आत नेऊन ठेवतात. पेशीसुद्धा तेच करते. डोपामिन झेलणारे तिचे ग्राहक कमी होतात. उत्तेजकांची सवय लागलेल्यांच्या मेंदूच्या छायाचित्रांत हे दिसतं. पूर थांबल्यावर अशी अवस्था येते की टाकीत पाणी कमी आणि दारात हंडेही कमी. मग भाकरी, लेकरू, ढोल, क्रिकेटची मॅच, यांतून येणारा साधा निरोप पोचतच नाही. आई त्याच्या आवडीचं मटण करते, तो दोन घास खाऊन ताट सरकवतो. आईला वाटतं, आपलं प्रेम त्याला कळत नाही. खरं तर निरोप झेलायला तिथं हंडाच नसतो.

हे झालं पेशीनं स्वतःला जुळवून घेणं. पण पेशीला इजा होते का? इथं एमडी आणि मेथ यांत फरक आहे, आणि तो झाकून ठेवायचं कारण नाही. मेथ टाकीच्या आतली पिंपंही फोडतं. पिंपाबाहेर सांडलेलं डोपामिन पेशीच्या आतच गंजासारखं काम करतं आणि पेशीचं टोक खराब होतं. त्यात अंग तापलेलं असेल तर इजा जास्त. एमडीबाबत अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग केले. एकट्या एमडीनं डोपामिनची टोकं मेली नाहीत. पण तेच एमडी मेथबरोबर दिल्यावर मेथची इजा वाढली. पुढं स्पेनमधल्या संशोधकांना जरा गरम ठेवलेल्या खोलीतल्या उंदरांत एमडीनंही इजा झालेली दिसली. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, दार लावून, चार पोरं एमडी ओढत बसतात. त्या खोलीत किती गरम होतं ते आपल्याला माहीत आहे. पुडीत नेमकं काय मिसळलंय हे पोराला ठाऊक नसतं, आणि विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

शेजारणी म्हणतात ‘पेशी जळून जातात’, ते मात्र तसं नाही. आपल्या वस्तीतला लिंब आठवा, जो वायरीला लागतो म्हणून वीजवाले दर पावसाळ्याआधी छाटतात. फांद्या जातात, खोड राहतं. उत्तेजकांची इजा मुख्यतः फांद्यांच्या टोकांना होते. डोपामिन पेशीचं खोड बहुतेक वेळा शिल्लक असतं. टोरंटोच्या संशोधकांनी १९९६ साली मेथ घेणाऱ्या मृत माणसांचे मेंदू तपासले. डोपामिन कमी झालेलं होतं, मोटरी कमी झालेल्या होत्या. पण टोकं समूळ नष्ट झाली असती तर ज्या खुणा नाहीशा व्हायला हव्या होत्या, त्यांतल्या काही जागेवर होत्या. म्हणजे गल्ली ओसाड पडली होती, पण घरं पडली नव्हती.

आणि छाटलेल्या लिंबाला पालवी फुटते का? न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत नोरा वोल्को यांच्या गटानं मेथ सोडलेल्या पाच जणांचे मेंदू दोनदा तपासले. एकदा सोडल्यावर सहा महिन्यांच्या आत आणि दुसऱ्यांदा बारा ते सतरा महिन्यांनी. २००१ साली त्यांनी निष्कर्ष छापला. मोटरी परत आल्या होत्या, मेंदूच्या एका भागात १९ टक्क्यांनी, दुसऱ्या भागात १६ टक्क्यांनी वाढ. माणसं पाचच होती, पण हा पुरावा मोलाचा होता, कारण तोवर बऱ्याच जणांचा समज होता की गेलं ते गेलं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, तीही सांगायला हवी. मोटरी परत आल्या तरी आठवण आणि हातापायांची चपळाई यांच्या चाचण्यांत म्हणावी तशी सुधारणा झाली नव्हती. शिवाय कॅलिफोर्नियाच्या रुग्णालयांच्या नोंदी पाहता मेथ घेतलेल्यांत पुढं कंपवाताचं प्रमाण जास्त दिसतं. सगळं पूर्ववत होतं असं आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ परत येतं, आणि सावकाश येतं.

सावकाश म्हणजे किती, हे त्या आईला सांगणं सगळ्यात महत्त्वाचं होतं. आपल्या घरांत हिशेब महिन्याचा असतो. महिनाभर सोडली म्हणजे सुटली. पहिले काही दिवस पोरगं झोपतं, खातं, पुन्हा झोपतं. आई म्हणते, बरं झालं. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते उठून कामाला लागेल असं सगळ्यांना वाटतं, आणि ते तर भिंतीकडे तोंड करून पडलेलं. इथं घराचा धीर सुटतो. "आळशी झालाय", "नाटकं करतो", "याला आता जगायचंच नाही". मेंदूच्या हिशेबात मात्र सात आठवडे म्हणजे पालवीसुद्धा नाही. ब्रुकहेवनच्या माणसांना वर्ष-दीड वर्ष लागलं. बापाचा राग आणि पोराच्या मेंदूतला दुष्काळ नेमके एकाच वेळी येतात. बहुतेक पोरं याच काळात परत पुडीकडे वळतात, हे आम्ही वस्तीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

यात एक धोक्याची खूण आहे. पावडर सुटल्यावरची उदासी कधी फार खोल जाते. "मी नसतो तर बरं झालं असतं" असं पोरगं बोललं तर त्याला नाटक समजू नका, त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस ही सरकारची फुकट सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येतं.

आता दुसरा प्रश्न, गोळ्यांचा. इथं वस्तीत एक गोंधळ आहे तो आधी सोडवू. गर्दच्या व्यसनाला औषध आहे, आणि ते चांगलं काम करतं. सरकारी केंद्रात रोज जिभेखाली गोळी देतात, ती ब्युप्रेनॉर्फिन. तिनं गर्दची तलफ आणि अंगदुखी थांबते. ते पाहून एमडीवाल्या पोरांच्या आया येतात आणि म्हणतात, "तीच गोळी द्या." ती गोळी अफूच्या कुळासाठी आहे, एमडीच्या कुळासाठी नाही. एमडी किंवा मेथचं व्यसन सोडवणारं म्हणून मान्यता मिळालेलं एकही खास औषध आजवर नाही. ‘हमखास सोडवतो’ म्हणून जो चूर्ण विकतो, तो तुमचे पैसे घेतो, एवढंच. दारू सोडवायच्या नावाखाली जेवणात गुपचूप मिसळायच्या पुड्या विकणारे आता एमडीवरही त्याच पुड्या विकू लागले आहेत. न सांगता कुणालाही औषध देऊ नका. त्यात काय आहे हे ठाऊक नसतं, आणि पोराचा आईच्या हातच्या जेवणावरचा विश्वास उडतो तो वेगळाच.

मग डॉक्टर गोळ्या देतात त्या कशाच्या? वेगवेगळ्या कामांच्या, आणि प्रत्येकीचं पेशीवरचं काम वेगळं आहे.

काही पोरांना एमडीनं संशयाचा झटका येतो. भिंतीत पोलीस दिसतात, आई जेवणात विष घालते असं वाटतं, कानात आवाज येतात. डोपामिनच्या पुरामुळंच हे होतं. त्यावरची औषधं हंड्यांच्या तोंडावर झाकण ठेवतात, म्हणजे डोपामिनचे ग्राहक बंद करतात. पूर असला तरी हंडे भरत नाहीत आणि भास शांत होतात. त्याची किंमतही आहे. अंग आखडतं, हात थरथरतो, लाळ गळते, चेहरा दगडासारखा होतो. हे दिसलं तर गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते. यांची तलफ लागत नाही. वॉर्डात इतक्या वर्षांत ही गोळी चोरून खाणारा एकही पेशंट आम्ही पाहिला नाही, चोरून थुंकणारे मात्र खूप पाहिले.

फार खवळलेल्या, झोप न येणाऱ्या पेशंटला काही दिवस झोपेच्या गटातल्या गोळ्या देतात. इथं त्या बापाचं म्हणणं खरं आहे. या गोळ्यांची सवय लागू शकते. म्हणून त्या थोडे दिवस, मोजून, आईच्या ताब्यात. मेडिकलवाल्याकडून जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा आणू नयेत, आणि बरेच दिवस चालू असतील तर एकदम तोडूही नयेत.

तिसरा गट व्यसनावरच काही परिणाम होतो का म्हणून तपासला जातो आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. मेथ घेणारे ४०३ जण होते. त्यांना दोन औषधं एकत्र दिली, नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी आणि बुप्रोपिऑनची गोळी रोज. बुप्रोपिऑन डोपामिनच्या त्याच मोटरवर हलका हात ठेवते, म्हणजे पाणी जरा जास्त वेळ बाहेर राहतं. हे इतकं हळू आणि इतकं थोडं असतं की त्यानं चढत नाही. नाल्ट्रेक्सोन हे मेंदूतच तयार होणाऱ्या अफूसारख्या रसायनांची कुलपं अडवतं, त्यानं तलफ कमी होते असा कयास. निकाल असा की औषध मिळालेल्या शंभरांत साधारण चौदा जणांना गुण आला, खोटं औषध मिळालेल्या शंभरांत दोन-तीन जणांना. चाचणी मेथवरची होती, एमडीवरची नव्हे. आम्ही तो आकडा त्या आईला तसाच सांगितला. ती म्हणाली, "शंभरात चौदाच?" हो, चौदाच. पण एकही नाही असं तर नाही.

सगळी औषधं प्रयोगशाळेतून घरापर्यंत येत नाहीत. एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन नावाचं एक स्वस्त औषध उंदरांत तलफ कमी करताना दिसलं होतं. ऑस्ट्रेलियात मेथ घेणाऱ्या माणसांना तेच देऊन पाहिलं, तर काही फरक पडला नाही. ‘नवा शोध’ अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली की आधी विचारा, उंदीर की माणूस?

बुप्रोपिऑन तंबाखू सोडवायलाही वापरतात, त्यामुळं काही घरांत ती माहीत असेल. फिट येणाऱ्याला ती धोक्याची आहे, हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. आणि नाल्ट्रेक्सोन घेण्याआधी पोरगं गर्द किंवा अफूच्या जातीचं काही घेत असेल तर तेही सांगा, नाहीतर अंगाला जबर झटके बसतील. पोरं बरेचदा दोन्ही घेतात आणि आईसमोर एकच कबूल करतात. डॉक्टरला त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या.

मग नशा आणि औषध यांत फरक काय? रसायन दोन्हीकडे आहे, जागाही कधी कधी तीच मोटर. फरक वेगाचा आणि लगामाचा आहे. पुडी काही मिनिटांत पूर आणते, रोज जास्त मागते आणि घरातलं भांडं विकायला लावते. गोळी आठवड्यांनी काम करते, मात्रा डॉक्टर ठरवतो, आणि एक दिवस ती कमी करून थांबवता येते. विहारात काही ज्येष्ठ म्हणाले, पाचव्या शिलात हे बसतं का? आम्ही म्हटलं, मधुमेहाची गोळी बसते तशी ही बसते. भंतेजींनी मान डोलावली आणि चहा मागवला.

उत्तेजकांच्या व्यसनावर आजवर सर्वांत चांगला पुरावा ज्या उपचाराचा आहे, तो गोळीत मिळतच नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत तो २०११ पासून देतात. आठवड्यातून दोनदा लघवी तपासायची. साफ निघाली की बरणीतून चिठ्ठ्या काढायच्या. बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसतं ‘शाब्बास’ लिहिलेलं, काहींवर छोटं बक्षीस, एखादीवर मोठं. ऐकून हसू येतं. पण पेशीच्या बाजूनं बघा. ज्या मेंदूत हंडे कमी आहेत, त्याला ‘दोन वर्षांनी तुझं लग्न करू’ हा निरोप पोचत नाही. आत्ता, हातात, छोटं काहीतरी मिळालं तर तो निरोप पोचतो. त्यातूनच साध्या सुखाची वाट पुन्हा रुळते.

आमच्याकडे लघवीची तपासणी जमली नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या किटमध्ये एमडी बरेचदा सापडतच नाही, हेही लक्षात ठेवा. ‘टेस्ट निगेटिव्ह आली’ म्हणून निर्धास्त होऊ नका आणि तिच्यावरून भांडूही नका. आम्ही वेगळं केलं. विहारातली अभ्यासिका सकाळी सात वाजता उघडायची, झाडायची, पाणी भरायचं, हे काम त्या मुलाला दिलं. आला की बचत गटाच्या डब्यातून एक चिठ्ठी. मोबाइलचं रिचार्ज, वडापाव, एकदा बिर्याणी. पहिल्या आठवड्यात तो दोन दिवस आला. तिसऱ्यात पाच दिवस. बापाला हे पटलं नाही, "पोराला उठायचे पैसे देता?" म्हणाला. आम्हीही त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

फेब्रुवारीत, रमाई जयंतीच्या आठवड्यात, तो घसरला. जुना मित्र भेटला, पुलाखालची तीच जागा, आणि एक रात्र गेली. मेंदूतल्या पेशींचे काही जोड ही जागा, हा माणूस, ही पुडी, असं एकत्र शिवून ठेवतात, आणि ते टाके लवकर उसवत नाहीत. घरात रडारड झाली. एका नातेवाइकानं शेजारच्या जिल्ह्यातल्या एका केंद्राचं नाव सुचवलं, "तिथं सरळ करतात." ते कसं सरळ करतात हे आम्हाला माहीत होतं. तिथून परत आलेल्या एका पोराच्या घोट्यावर साखळीचे वण आम्ही स्वतः ड्रेसिंग करून बरे केले आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाच्या आजारालाही लागू आहे, आणि त्यात कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला साफ मनाई आहे. एका रात्रीनं चार महिन्यांची पालवी झडत नाही. त्याच आठवड्यात त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात परत नेलं. डॉक्टरांनी उदासीसाठी बुप्रोपिऑन सुरू केली आणि कशासाठी देतोय ते बापाला बसवून सांगितलं.

पोलिसांच्या भीतीनं बरेच घरवाले दवाखान्यात जात नाहीत. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये तरतूद आहे की स्वतःच्या वापरासाठी किंवा अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. वकिलाला हे कलम नावानिशी विचारा. विकणाऱ्याला ही सवलत नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा फुकट नंबर १४४४६.

आणि हे कापून भिंतीला लावा. एमडी घेतल्यावर अंग भट्टीसारखं तापलं, छातीत दुखलं, फिट आली, ओळख पटेना किंवा भलताच खवळला, तर पोलीस काय म्हणतील याचा विचार नंतर. १०८ ला फोन करा. गार जागेत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, पंखा लावा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी, लिंबू, कांदा काहीही घालू नका. दाबून, पोटावर पालथं पाडून धरू नका. डॉक्टरला ‘एमडी घेतलंय’ हे खरं सांगा.

जयंतीच्या कमिटीनं त्याचं नाव ऑक्टोबरातच काढलं होतं, ढोलपथकातूनही. मार्चच्या बैठकीत आम्ही विषय काढला, आवाज चढले, एक जण उठून गेला. शेवटी ढोल नाही, पण मिरवणुकीतल्या पाण्याच्या स्टॉलवर त्याला उभं करायचं ठरलं. तेरा एप्रिलच्या रात्री तो पहाटेपर्यंत ग्लास भरत होता. मध्ये दोनदा त्या जुन्या मित्रांचं टोळकं समोरून गेलं. तो टाकीमागं जाऊन बसला आणि गर्दी पुढं सरकल्यावर परत आला.

आता ऑगस्टमध्ये त्याला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. गोळी कमी करायची की चालू ठेवायची ते तेव्हा ठरेल. आईनं तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे. बापानं त्या दिवसाची रजा आधीच टाकली आहे.